ओके आलं म्हणजे मिळालं

मयूर विहार, दिल्ली
११ नोव्हेंबर

प्रिय परीक्षित,

आपल्या घरचा टेलिफोन या महिन्याच्या तीस तारखेला बंद होतोय. काल सकाळी एक्सचेंजमधला छाबडा घरी येऊन सांगून गेला, आणि आज मी स्वतः तिथे जाऊन त्याच्या साहेबांकडून खात्री करून घेतली. बातमी आधी, खुशाली नंतर, ही माझी वृत्तसंस्थेतल्या नोकरीची खोड; निवृत्त झाले तरी सुटली नाही. खुशाली अशी की हवा नेहमीसारखी घाण आहे, बाबा बरे आहेत, आणि तुझे श्रीरंगभावोजी गाज़ियाबादच्या घरी स्वतःच्या हातचा उपमा खाऊन राहतायत. मी अजून बाबांकडेच आहे. इथून मेट्रो जवळ पडते असं मी तुला सांगत आले. निवृत्त बाईला रोज कुठे जायची मेट्रो लागते, हे तू कधी विचारलं नाहीस, ते बरंच झालं.

छाबडा भला माणूस आहे. म्हणाला, "मॅडम, कॉपर का ज़माना गया. फायबर लगवा लो. नेट भी चलेगा, टीव्ही भी." मी विचारलं, यावर फॅक्स चालेल का? त्यानं बाबांच्या टेबलावरच्या मशीनकडे असं पाहिलं, जसं आपण कुणाच्या अंगणात बांधलेल्या गाईकडे पाहतो. "चलेगा भी, नहीं भी चलेगा. आधा पन्ना जाएगा, आधा अटक जाएगा. वैसे भेजते किसको हो, अंकलजी?" बाबांनी बाल्कनीकडे बोट केलं, म्हणजे पूर्वेला, तुझ्या दिशेला. त्याला वाटलं, वर. त्यानं लगेच हात जोडले आणि म्हणाला, "भगवान उनकी आत्मा को शांती दे." बाबांचे खांदे कितीतरी वेळ हलत होते. तो गेल्यावर त्यांनी कागदावर लिहून मला दाखवलं, 'स्वर्गात फॅक्स फक्त जपानी माणसांचा पोचतो.' हल्ली ते बऱ्याच गोष्टी लिहूनच सांगतात. त्यांचा स्वभाव तुला माहीत आहेच.

फॅक्सचा कागद मिळवणं हाही आता एक उद्योग आहे. नेहरू प्लेसला एका तळघरातल्या दुकानात रोल मिळतात. तिथला सरदारजी मला पाहिलं की ओरडतो, "आ गई म्युझियमवाली आंटी!" मागच्या वेळी मी त्याला ऐकवलं की बेटा, जपानमध्ये अजून कारखान्यांच्या ऑर्डरी फॅक्सनं जातात, माझा भाऊ तिथे इंजिनिअर आहे. तो म्हणाला, "तो जापान से ही मंगवा लो, यार." तू सांगितलेला तो तुमचा म्हातारा पुरवठादार आठवला, स्क्रूच्या मापाखाली रोज लाल शिक्का उमटवून कागद पाठवणारा, आणि ई-मेल केला तर 'मिळाला का' असं फॅक्सनं विचारणारा. बाबांना मी तो किस्सा सांगितला तेव्हा ते इतके खूश झाले की त्यांनी तो सोसायटीच्या सेक्रेटरीलाही कळवायला लावला. जगात आपण एकटे नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

तू लहान होतास, तुला आर. के. पुरमचं सरकारी घर नीट आठवत असेल की नाही कोण जाणे. दोन खोल्या, मागे पेरूचं झाड, शेजारी मल्याळी, समोर बंगाली, आणि खाली मैदानात सगळ्यांची मिळून एक हिंदी. तू संध्याकाळी वर यायचास ते "मम्मी, प्यास लगी है" म्हणत, आणि बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "या घरात मम्मी नावाचं कुणी राहत नाही." रविवारी सकाळी ते शब्दकोडं करायला बसायचे. फूटपट्टीनं चौकटी आखायच्या, काळी घरं शाईनं भरायची, आणि आपल्या दोघांना एकेक प्रत द्यायची. कार्बन लावून काढलेली दुसरी प्रत फिकी यायची, ती नेहमी तुझ्या वाट्याला, त्यावरून दर वेळी भांडण. रांजण, अडसर, शिंकाळं, पडवी. ज्या वस्तू आपण दोघांनी कधी पाहिल्याही नव्हत्या, त्यांची नावं आपण त्या चौकटींत बसवली. तू एकदा चिडून म्हणालास, "ये सब चीज़ें हैं कहाँ?" बाबा म्हणाले, "सध्या या कोड्यात आहेत. इथूनही गेली तर मग कुठेच नाहीत."

बाबांचा लेखी गोष्टींवर जो विश्वास आहे, तो मंत्रालयातल्या नोकरीनं घडवला. तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं, कागदावरचं राहतं. घरी कुणी काही मागितलं की "लेखी द्या" म्हणायचे. आई तोंडावर पदर धरून म्हणायची, "जेवण तयार आहे, हेही तीन प्रतींत कळवू का?" निवृत्त होऊन या फ्लॅटमध्ये आले तेव्हा लोक फ्रीज घेतात, एसी घेतात, बाबांनी फॅक्स मशीन घेतलं. पेन्शनच्या कामाला बरं, म्हणाले. खरं कारण मला वेगळं वाटतं. तू नुकताच जपानला गेला होतास, आणि तुझ्या कंपनीच्या लेटरहेडवर फॅक्सचा नंबर होता. तुला फोन नेहमी आई लावायची. आईच तास-तास बोलायची. रिसीव्हर बाबांच्या हाती यायचा तो "थंडी आहे का?" एवढं विचारण्यापुरता, आणि तू "आहे" म्हणालास की परत आईकडे. त्या दोघांत तुझा मोबाइल नंबर आईला पाठ होता. बाबांना फॅक्सचा.

त्या शनिवारबद्दल आपण तिघं कधी एकत्र बसून बोललो नाही. म्हणून मला जे माहीत आहे ते एकदा क्रमानं लिहिते. आई सकाळी ओट्याजवळ कोसळली. शेजाऱ्यांनी हॉस्पिटलमध्ये नेली. बाबा कागदपत्रं न्यायला घरी आले, आणि त्यांनी तुला फॅक्स केला, 'आई गंभीर. ताबडतोब निघ.' मशीनमधून पोच निघाली, त्यावर ओके. ती त्यांनी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि परत गेले. फोन का केला नाही, हे तू मला शंभरदा विचारलंस. मला वाटतं, त्यांना ते शब्द तोंडानं उच्चारता आले नसते. लिहिता आले. रविवारी पहाटे आई गेली. मी तेव्हा कामासाठी नागपूरला होते, तिथून संध्याकाळी पोचले आणि पहिलं विचारलं, परीक्षित? बाबा म्हणाले, "कळवलंय. मिळाल्याची पोच आहे. निघाला असेल." मीही ते मानलं. विमानात असशील, फोन कशाला लावायचा, असं मला वाटलं. आपल्या घरात पोच आली की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. दुसऱ्या कुठल्याही घरात कुणीतरी फोन उचललाच असता.

आणि तिकडे तो कागद तुझ्या बंद ऑफिसातल्या ट्रेमध्ये दोन दिवस पालथा पडून होता. मशीननं त्याचं काम चोख केलं होतं. ओके म्हणजे मशीनला मिळालं. माणसाला मिळालं असं त्यानं कधीच म्हटलं नव्हतं. सोमवारी तुझा फोन आला तेव्हा मी बाबांना सांगितलं, त्याला आत्ता कळलं. त्यांनी खिशातून ती पट्टी काढून माझ्यापुढे धरली. शनिवार, सकाळची वेळ, ओके. रविवारचा सबंध दिवस आणि सोमवारची दुपार होईपर्यंत त्यांनी तुझ्यासाठी सगळ्यांना थांबवून धरलं होतं, हे लक्षात घे. गुरुजी, आत्या, हॉस्पिटलवाले, सगळे अडून बसले होते; शेवटी त्याच दुपारी आईला अग्नी दिला. मंगळवारी तू बॅग घेऊन दारात उभा राहिलास, आणि ते माणसांनी भरलेल्या खोलीतून म्हणाले, "आता कशाला आलास?"

तू तेरावा होईपर्यंत राहिलास. कुणाशी वाद घातला नाहीस. विमानतळावर मला म्हणालास, "ताई, त्यांनी स्वतःच्या तोंडानं 'ये' म्हटलं, की त्या दिवशी येईन. लेखी नको. तोंडानं." तुझंही चूक नव्हतं. मी दोघांची वकिली करत राहिले, आणि दोघांनीही मला फी म्हणून अबोला दिला. तू सासुरवाडीला पुण्यात यायचास, मी तिथे येऊन तुला भेटायचे, परत येताना बाबांसाठी तू काहीतरी द्यायचास, आणि ते इथे "ठेव तिथे" म्हणायचे. पण ती वस्तू महिनाभरानं वापरात यायची. तो राखाडी स्वेटर आता कोपरांवर विरलाय.

मग वर्षभरानं एका रविवारी त्यांनी पुन्हा फूटपट्टी काढली. मला वाटलं इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी असेल. कोडं पुरं झालं, त्यांनी ते मशीनला लावलं आणि तुझा नंबर फिरवला. वर खाली एक अक्षर नाही, तारीखसुद्धा नाही. तू तोवर घरी फॅक्स घेतला होतास आणि त्याचा नंबर माझ्याकरवी त्यांना कळवला होतास. का घेतलास ते तू कधी बोलला नाहीस, पण ऑफिसच्या ट्रेवर तुझा विश्वास उरला नसणार. पुढच्या रविवारी तेच कोडं भरून परत आलं, तेही एका अक्षराशिवाय. बाबांनी लाल पेननं तपासलं. दोन चुका निघाल्या. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पुरणपोळी मागितली. तेव्हापासून दर रविवारी इकडून एक जातं, तिकडून एक येतं. लोक मला विचारतात, आजच्या जगात फॅक्स कशाला? मी सांगते, अक्षर दिसतं. शाई कुठे जाड झाली, हात कुठे थांबला, ते दिसतं. आणि मनात म्हणते, आवाज ऐकू येत नाही. तुम्हा दोघांना तेच सोयीचं होतं. इतकी वर्षं मी त्या मशीनचे आभार मानत आले. हल्ली वाटतं, ते नसतं तर तुमच्यापैकी एकाला केव्हाच नाइलाजानं फोन उचलावा लागला असता.

गेल्या महिन्यात तुझं भरलेलं कोडं आलं आणि त्याखाली पहिल्यांदा एक ओळ होती. 'बाबांना सांग, एक फोन. एका शब्दाचा पुरे. मी तिकीट काढून ठेवलंय असं समज.' बाबा तो कागद घेऊन बाल्कनीत बसले. मी चहा नेऊन ठेवला, तो गार झाला. पुढच्या रविवारी नेहमीसारखं कोडं गेलं, खाली काही नाही. त्यावर तुझा मला मेसेज आला, "हद्द आहे यार ताई. एवढा कसला अहंकार? चौऱ्याऐंशी वर्षांचे झाले." मी तो वाचला, आणि दोन दिवस तुला उत्तर दिलं नाही. मग दिवाळीच्या फराळाचे फोटो पाठवले. तू अंगठा दाखवलास. तू रागावलास हे मला कळलं.

तुला फोनवर हे सांगता आलं असतं. पण फोनवर तू मध्येच म्हणाला असतास, "बाबांना दे." दर वेळी मी म्हणते झोपलेत, खाली गेलेत, अंघोळीला गेलेत. दिल्लीत एवढ्या अंघोळी कुणी करत नाही. व्हिडिओ कॉल आला की माझा कॅमेरा बिघडतो. म्हणून पत्र. ते वाचताना तुला मध्ये बोलता येणार नाही.

परीक्षित, बाबांना आता आवाज नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांचा घसा बसला. दिल्लीची हवा म्हणून आम्ही महिने घालवले, आणि तपासलं तेव्हा स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला. होळीच्या आधी ऑपरेशन करून ते पूर्ण काढलं. आजार आटोक्यात आहे, परवाची तपासणीही चांगली आली, त्याची काळजी करू नकोस. पण श्वास मानेला केलेल्या छिद्रातून घ्यावा लागतो, म्हणून मे महिन्यातही गळ्याला रुमाल असतो, आणि बोलणं सगळं पाटीवर. त्यांनी मला शपथ घातली होती, की त्याला कळवायचं नाही, कीव करून कुणी यायला नको. ती शपथ मी आज मोडते आहे, कारण तू ज्या फोनची वाट पाहतोस तो आता येऊ शकत नाही. आणि दुसरं कारण असं, की तो येऊन गेला आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी डॉक्टर म्हणाले, "जिससे जो कहना है, आज कह लीजिए." घरी आल्यावर बाबांनी चपलाही काढल्या नाहीत. मशीनचा रिसीव्हर उचलला आणि त्यांना पाठ असलेला तुझा एकुलता एक नंबर फिरवला. तिकडून शिट्टी सुरू झाली. तुझं मशीन कागदाची वाट बघत होतं. मी धावत माझा मोबाइल घेऊन गेले, त्यांनी हातानं मला थांबवलं. त्या शिट्टीतच, फाटक्या आवाजात, ते म्हणाले, "परीक्षित, मी बोलतोय. ये." उत्तराची वाट पाहावी तसे थोडा वेळ उभे राहिले आणि रिसीव्हर ठेवला. मी म्हटलं, बाबा, मोबाइलवर लावते ना. ते म्हणाले, "नको. म्हटलं मी." त्यांनी पुन्हा तेवढं धैर्य केलं नसतं, आणि मीही हट्ट धरला नाही. तुझी अट स्वतःच्या तोंडानं म्हणण्याची होती. ती त्यांनी पुरी केलेली आहे, मी तिथे उभी होते. हे पत्र स्पीड पोस्टनं तुला तेवीस-चोवीस तारखेच्या सुमाराला मिळेल. तीस तारखेला, रविवारी, छाबडा येऊन तार काढून नेईल. त्याआधी आलास तर उत्तम, नंतर आलास तरी चालेल. घंटी वाजली की दार बाबाच उघडतात, मला उठू देत नाहीत. तुला पाहून ते काही बोलणार नाहीत. कदाचित हात धरतील, कदाचित पाटी शोधायला सरळ आत वळतील आणि तुला त्यांची पाठ दिसेल. तू उंबऱ्यात थांबू नकोस. त्यांच्या मागे मागे आत ये.

वाट पाहणारी, तुझीच
वृंदाताई